मुली जास्त प्रामाणिक असतात, की त्यांना फॉर्म नीट भरता येतो?

दुपारचं_सत्र

पश्चिम उपनगरातल्या एका कॉमर्स कॉलेजात मी शिकवते. एमकॉमच्या प्रोजेक्टला गाइड म्हणून दरवर्षी काही मुलं वाट्याला येतात. मुंबईबाहेरच्यांसाठी सांगते, या प्रोजेक्टला इथे सगळे ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. काळ्या पुठ्ठ्यात बांधायचा, वर सोनेरी अक्षरांत विषय, नाव, रोल नंबर, आणि मग व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा.

यंदा एका मुलीने विषय घेतलाय: धंद्याचं शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींच्या नैतिक मतांवर लिंगाचा आणि शिक्षणाचा काय परिणाम होतो. विषय जुना आहे. बोर्कोव्स्की आणि उग्रास यांनी १९९८ साली, १९८५ ते १९९४ या काळातले असे अभ्यास एकत्र करून तपासले होते. मुलींची मतं मुलांपेक्षा कडक निघाली, वयाने मोठ्यांची लहानांपेक्षा कडक निघाली, आणि पदवीला विषय कोणता होता यावरून धड काही सांगता येईना.

हिच्या फॉर्ममध्येही तसंच दिसतंय. प्रसंग साधे आहेत. बसने जाऊन रिक्षाचं भाडं लावणं. खरेदीखात्यातल्या साहेबांना दिवाळीला चांदीचं नाणं पाठवणं. गिऱ्हाइकाने विचारलं नाही म्हणून मालातला दोष न सांगणं. मित्राची हजेरी लावणं. मुली ‘अगदी चूक’वर टिक करतात, मुलगे ‘थोडंसं चूक’वर. हजेरीच्या प्रश्नाला मात्र सगळे एक होतात.

पोरगी खूश आहे, तिचा निष्कर्ष तयार आहे. मला तो गळी उतरत नाही, कारण व्हायवाच्या टेबलापलीकडून मी वेगळंच बघते. मागच्या बॅचच्या एका ब्लॅक बुकात सर्वेक्षण होतं, मी मूळ शीट मागितली. गूगल फॉर्म प्रत्येक उत्तरापुढे वेळ नोंदवतो हे त्या लेकराच्या लक्षात नव्हतं. रात्री एक वाजल्यापासून दर मिनिटाला एक उत्तर, सगळ्यांचं वय २१, आणि ‘आपल्या सूचना’ या रकान्यात सगळीकडे ‘नाइस’. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे तर आख्खं ब्लॅक बुक मिळतं, फक्त नाव बदलायचं. आणि यात मुलगे पुढे, मुली मागे, असं मला कधी दिसलेलं नाही.

तर मग फॉर्मवर जे दिसतं ते नेमकं काय आहे? इथे नोकरीधंद्यातली बरीच मंडळी आहेत, म्हणून विचारते.

खडूस_काका

मी तुर्भ्याच्या एका कंपनीत खरेदीखात्यात आयुष्य काढलं. दिवाळीच्या आधी आमच्या दारात सप्लायरांची रांग असायची. काजूकतलीच्या डब्याखाली पाकीट. पुढे खात्यात एक बाई आल्या. पहिल्याच वर्षी त्यांनी सगळे डबे शिपायाकरवी गेटवर परत पाठवले. दुसऱ्या वर्षी त्यांच्या नावाने कुणी काही आणलंच नाही. ‘मॅडम घेत नाहीत’ ही बातमी सप्लायर लोकांत वाऱ्यासारखी फिरते. तेव्हा मुलीचा निष्कर्ष मला तरी पटतो.

शेवटची_विरार

काका, त्या बाईंबद्दल आदर आहेच. पण तुमच्या खात्यातले खरे सौदे त्या डब्यातच होत होते का? की संध्याकाळी वाशीत कुठेतरी ‘बसल्यावर’ होत होते? तिथे त्या बाईंना कुणी बोलावलं असतं का?

मी लॉजिस्टिक्समध्ये आहे. न्हावा शेवाला आमचं काम चालतं. माझ्यापुढे पाकीट कधी आलं नाही. मी सोवळी म्हणून नाही, तर देणाऱ्याला माझ्याशी ती भाषा बोलायला संकोच वाटतो म्हणून. तो माझ्या ज्युनियरला, म्हणजे मुलालाच गाठतो. संधीच आली नाही तर परीक्षा कसली?

खडूस_काका

बसणं व्हायचं, नाकारत नाही. बाई नसायच्या. पण शेवटची सही त्यांचीच लागायची आणि त्यांनी अडवलेल्या ऑर्डरी मला माहीत आहेत.

जमाखर्च

आकड्यांवर पोट असलेला माणूस आहे, थोडं लांबण लावतो.

धागाकर्तीने सांगितलेल्या अभ्यासाच्या एक वर्ष आधीचा, १९९७ चा, फ्रँके, क्राउन आणि स्पेक यांचा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ६६ नमुने, मिळून २०,००० पेक्षा जास्त माणसं. बायका धंद्यातल्या वादग्रस्त गोष्टींना जास्त वेळा ‘चूक’ म्हणतात हे त्यांनाही दिसलं. पण फरक विद्यार्थ्यांत मोठा आणि नोकरीचा अनुभव वाढत जाईल तसा लहान. म्हणजे जी गोष्ट आपण ‘बाईचा स्वभाव’ म्हणतोय ती ऑफिसात काही वर्षं काढली की पुसट होते. जन्मजात असती तर अशी विरली नसती. घर आणि समाज मुलीला एक भूमिका देतो, ऑफिस दुसरी देतं, आणि ऑफिसची भूमिका दोघांना सारखीच असते.

दुसरी गोष्ट. डाल्टन आणि ऑर्टेग्रेन यांनी २०११ मध्ये दाखवलं की ‘लोकांना बरं वाटेल ते उत्तर देणं’ ही सवय वेगळी मोजून वजा केली, तर स्त्री-पुरुषांतला फरक बराचसा खाली येतो. तुमच्या विद्यार्थिनीने ही सवय मोजली आहे का? नसेल तर तिचा फॉर्म नीतिमत्ता कमी आणि ‘चांगली मुलगी’ असण्याचा सराव जास्त मोजतोय.

घंटानाद

हा हा. पाच मिनिटांच्या फॉर्मवरून चारित्र्य ठरवणारे तुम्ही लोक. बायका सत्तेत आल्या की सगळं सारखंच असतं. फेब्रुवारी २०२२ चा सेबीचा आदेश आठवा. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या माजी प्रमुख, आणि बाजाराची आतली माहिती कुणाला ईमेलने जात होती? ‘हिमालयातल्या योग्या’ला! 🙏

शेवटची_विरार

घंटानाद, एका बाईवरून सगळ्या बायका, मग ७ जानेवारी २००९ ला सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून खोटे हिशेब कबूल केले त्यावरून सगळे पुरुष का नाही? आणि एप्रिल १९९२ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात स्टेट बँकेतल्या गायब पैशांची बातमी फोडून हर्षद मेहताला उघडं पाडणाऱ्या सुचेता दलाल होत्या. म्हणून मी ‘बायका शूर’ असा धागा काढत नाहीये.

व्हाउचर

सीए आहे. आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी, फोर्टातल्या एका जुन्या फर्ममध्ये केली. नीतीचं शिक्षण कुठे मिळतं ते सांगतो.

पहिल्या महिन्यात मला पेटी कॅशची, म्हणजे किरकोळ खर्चाची, व्हाउचरं टिक करायला बसवलं. हिरवी शाई, लांब बाक, वर पंखा. वर्षभराची कन्व्हेयन्स (प्रवासखर्चाची) व्हाउचरं होती. एप्रिलपासून मार्चपर्यंत सगळी एकाच बॉलपेनाने, एकाच हस्ताक्षरात, खाली सह्या तेवढ्या वेगवेगळ्या तिरक्या काढलेल्या. कागदसुद्धा एकाच पॅडचा, मागच्या व्हाउचरवरच्या आकड्यांचा ठसा पुढच्यावर उमटलेला. एका बैठकीत वर्ष लिहून काढलं होतं. मी सिनियरला दाखवलं. तो म्हणाला, ‘रक्कम मटेरियल नाही, टिक कर.’

रक्कम खरोखरच किरकोळ होती, ऑडिटच्या हिशेबाने तो चुकला नव्हता. पण त्या वयात आपण जे शिकतो ते हे की दिसलं तरी टिक करायचं. माझ्याबरोबर बसलेली मुलगीही तेच शिकली. फरक एवढाच की स्टॉक ऑडिटला, भिवंडीच्या गोदामाला, बाहेरगावी मला पाठवायचे आणि तिला ऑफिसात ठेवायचे. गोदामात न जाता ‘मोजणी केली’ असं लिहिण्याची वेळ माझ्यावर यायची, तिच्यावर नाही. शेवटच्या_विरार यांच्या मुद्द्याला म्हणून +१.

काउंटर_तीन

मी खूप दिवस फक्त वाचते इथे, आज लिहिते.

पार्ल्याच्या एका कॉलेजातून बीएमएस, मग एमएमएस (मॅनेजमेंटची पदवी आणि पदव्युत्तर पदवी), आणि मग एका खासगी बँकेत. बीएमएसच्या चौथ्या सेमिस्टरला फाउंडेशन कोर्समध्ये ‘एथिक्स अँड गव्हर्नन्स’ होतं, त्यात मला चांगले मार्क होते. हे आधी सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल.

शाखेत रिलेशनशिप मॅनेजर म्हणून लागले. विम्याचं टार्गेट. मार्च उजाडला की सकाळच्या हडलमध्ये, म्हणजे छोट्या मीटिंगमध्ये, मॅनेजर एकेकाचा आकडा मोठ्याने वाचायचे. आमच्या शाखेत ज्येष्ठ नागरिकांच्या मुदतठेवी पिकल्या की ती यादी मुलींकडेच दिली जायची. कारण मॅनेजरनी हसत सांगितलं होतं: ‘आजी-आजोबा तुमचं ऐकतात. सुनेपेक्षा जास्त.’

एक आजी आल्या. पिशवीत पासबुक, चष्म्याचं घर, डबा. ठेव मोडून पुन्हा ठेवायची होती. मी त्यांना युलिप, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी, समजावली. खोटं एक अक्षर बोलले नाही. ‘पाच वर्षं पैसे अडकतात’ हेही म्हटलं. फक्त ते बोलताना फॉर्मचं पान उलटत होते, आणि ‘ठेवीसारखंच आहे का गं?’ या त्यांच्या प्रश्नाला ‘त्याहून चांगलं असू शकतं, आजी’ म्हणाले. हप्ता दरवर्षी भरायचा असतो हे त्यांना कळलंय का, ते मी विचारलं नाही.

आता सांगा, तुमच्या फॉर्ममधला ‘गिऱ्हाइकाने विचारलं नाही म्हणून दोष न सांगणं’ हा प्रश्न मला कॉलेजात कुणी दिला असता तर मी कुठे टिक केली असती? ‘अगदी चूक’. डोळे मिटून. आजही तिथेच करेन.

आमच्या शाखेत माझं बाई असणं हीच विक्रीची युक्ती होती. लोक मुलीवर विश्वास ठेवतात हे मॅनेजरना पक्कं माहीत होतं आणि त्यांनी ते रोस्टरमध्ये बसवलं होतं. आजींच्या मुलाने फ्री-लुकच्या, म्हणजे न पटल्यास परत करायच्या, मुदतीत पॉलिसी परत केली. पैसे परत मिळाले, माझा आकडा पडला, पुढच्या हडलमध्ये तो वाचला गेला.

खडूस_काका

ताई, लिहिलंत ते बरं केलंत. माझ्या सौ.लाही अशीच एक गोड बोलणारी मुलगी भेटली होती. आम्ही अजून हप्ते भरतोय.

अर्धा_कटिंग

एमएमएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्लेसमेंट चालू आहेत. सगळे मुलींवर बोलताय, जरा मुलांच्या बाजूनेही.

माझी मोठी बहीण नोकरीला लागली तेव्हा घरी विचारलं, ‘ऑफिस चांगलं आहे ना? रात्री उशीर होत नाही ना?’ मला विचारतात, ‘किती देतायत?’ एज्युकेशन लोनला बाबा को-बॉरोअर आहेत. सीव्हीमध्ये समर इंटर्नशिपचं ‘मदत केली’चं ‘नेतृत्व केलं’ झालं, आमच्या बॅचमध्ये ज्याचं झालं नाही असा मुलगा दाखवा. मुलींनीही केलंय, पण त्यांना एक पळवाट आहे: ‘नाही मिळाली तर पुढच्या वर्षी बघू’ असं त्यांच्या घरी म्हणतात. मला असं कुणी म्हटलेलं नाही.

हे समर्थन नाही. पण फॉर्म भरताना ‘थोडंसं चूक’वर टिक करणारा मुलगा निदान उद्या काय करणार ते आजच सांगतोय.

शेवटची_विरार

‘पळवाट’ हा शब्द बघा. ‘पुढच्या वर्षी बघू’ याचा अर्थ पुष्कळ घरांत ‘नाहीतर स्थळं बघू’ असा असतो. आणि मुलगी पकडली गेली तर? कॉलेजात कॉपी करताना सापडलेल्या मुलाला घरी दोन शिव्या बसतात. मुलीचं कॉलेज बंद होतं. ती जास्त घाबरून असते, म्हणून सरळ चालते. याला नीती म्हणायचं की भीती, ते तुम्ही ठरवा.

अर्धा_कटिंग

ओके, हे मान्य. ‘पळवाट’ मागे घेतो. लोनचा मुद्दा मागे घेत नाही 🙂

पाटीपूजन

एका व्यवस्थापन संस्थेत व्हिजिटिंग म्हणून बिझनेस एथिक्स शिकवलंय. शिक्षणाच्या अर्ध्या भागाकडे धाग्याचं दुर्लक्ष होतंय म्हणून लिहितो.

मॅकेब, बटरफील्ड आणि ट्रेव्हिनो यांचं २००६ चं सर्वेक्षण आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या ३२ संस्था, पाच हजारांवर पदव्युत्तर विद्यार्थी. मागच्या वर्षभरात कॉपी किंवा तसलं काही केल्याचं बिझनेसच्या ५६ टक्के विद्यार्थ्यांनी कबूल केलं, इतर शाखांच्या ४७ टक्के. हे कबूल करणारे. कारण काय, तर बरोबरचे सगळे करतात ही समजूत. १९९३ मध्ये फ्रँक, गिलोविच आणि रेगन यांनी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांबद्दल असाच प्रश्न विचारला होता: माणूस स्वार्थीच असतो असं वर्गात रोज ऐकून माणूस तसा होतो का? त्यांचं उत्तर बरंचसं ‘होय’कडे झुकणारं होतं.

माझा अनुभवही तोच. सत्यमची केस मुलं सुरेख सोडवतात. ऑडिटर कुठे चुकले, स्वतंत्र संचालक कुठे झोपले, सगळं. तोच वर्ग तासाला अर्धा रिकामा आणि हजेरीपटावर भरलेला. वर्गात केस, पटावर प्रॉक्सी, आणि दोन्ही एकाच तासात. मी प्रॉक्सीवरच चर्चा लावून पाहिली, तेव्हा कुठे वर्ग जागा झाला.

मुलींचं म्हणाल तर मानसशास्त्रज्ञ कोलबर्गची गंमत आठवते. नैतिक विकासाच्या त्याच्या प्रसिद्ध पायऱ्या ज्या मूळ अभ्यासावर उभ्या होत्या त्यात सगळे मुलगेच होते. कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये म्हटलं की मुली न्याय-नियमांपेक्षा नात्यांच्या, काळजीच्या बाजूने विचार करतात, आणि फूटपट्टीच मुलांची असेल तर त्या मागे दिसणारच. दोनच वर्षांनी लॉरेन्स वॉकर यांनी कोलबर्गच्या पद्धतीने झालेले अभ्यास तपासले, तर त्यात मुलामुलींत म्हणावा असा फरक फारसा सापडला नाही. म्हणजे फूटपट्टी बदलली की मुली कधी मागे, कधी पुढे, कधी बरोबरीला.

जमाखर्च

पाटीपूजन सर, याला जोडून केनेडी आणि क्रे यांचा २०१४ चा अभ्यास घ्या. नैतिक तडजोड करावी लागणारी नोकरी पुढे ठेवली की बायकांचा रस पुरुषांपेक्षा जास्त उतरला. तडजोड नसलेल्या नोकरीत असा फरक नव्हता. म्हणजे काही जणी आधीच बाजूला होत असतील आणि राहिलेल्या पुरुषांसारख्या दिसत असतील. माझ्या वरच्या ‘फरक पुसट होतो’ला हाही अर्थ लावता येतो. दोन्ही शक्य आहेत, एका फॉर्मवरून वेगळे काढता येणार नाहीत.

व्हाउचर

अवांतर, पण राहवत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांना संचालक मंडळावर एक तरी बाई सक्तीची केली. पुष्कळ ठिकाणी मालकाची बायको, सून, बहीण आली. मग सेबीला म्हणावं लागलं, बाई *स्वतंत्र* संचालक हवी. पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून, पहिल्या हजारांना १ एप्रिल २०२० पासून. ‘बाई आली की कारभार सुधारेल’ हे गृहीतक धरलं की मंडळी बाई आणतात, कारभार तसाच ठेवतात.

घंटानाद

आता कसं बोललात 😄

दुपारचं_सत्र

सगळ्यांचे आभार. काउंटर_तीन, तुमचा प्रतिसाद मी आज विद्यार्थिनीला (तुमचं आयडीनाव झाकून) वाचायला दिला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, ‘मॅडम, म्हणजे माझं चॅप्टर फोर गेलं का?’

गेलं नाही. पण प्रश्न बदलायचे ठरवलेत. ‘हे योग्य आहे का’ ऐवजी ‘तुम्ही हे केलंय का’ असं विचारायचं. आणि मुलगा-मुलगी एवढेच रकाने न ठेवता नोकरी केलीय का, लोन आहे का, घरात आकडा कोण विचारतं, हेही. अडचण एकच: ‘प्रोजेक्टचे फॉर्म स्वतःच भरलेत का’ याला खरं उत्तर कोण देणार? तेही आमच्याच कॉलेजात, माझ्याच वर्गात?

जमाखर्च

त्याला उपाय आहे. वॉर्नर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेचा हा सोपा अवतार. प्रत्येकाने गुपचूप नाणं उडवायचं. छापा आला तर काहीही असो, ‘होय’ लिहायचं. काटा आला तर खरं लिहायचं. कोणाचा ‘होय’ नाण्याचा आणि कोणाचा खरा हे तुम्हाला कळत नाही, म्हणून मुलं घाबरत नाहीत. समजा १०० जणांत ७० ‘होय’ आले. साधारण ५० नाण्याचे. उरलेल्या ५० खऱ्या उत्तरांत २० ‘होय’, म्हणजे ४० टक्के. मुलांचं वेगळं काढा, मुलींचं वेगळं काढा. नमुना मात्र मोठा घ्या, यात आकडा फार हलतो.

आणि विद्यार्थिनीला हेही सांगा: ‘फॉर्मवर सही वर घेतली की लोक खरं लिहितात’ असं सांगणारा २०१२ चा गाजलेला शोधनिबंध २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला, कारण त्यातला मोटारविम्याचा डेटाच बनावट निघाला. प्रामाणिकपणावरचा शोधनिबंध होता तो.

अर्धा_कटिंग

सर, नाणं कोणाकडे असतं हल्ली? चहासुद्धा क्यूआरवर.

शेवटची_विरार

आईची जन्मतारीख घ्या. सम असेल तर ‘होय’, विषम असेल तर खरं. बाईंना माहीत नसते, मुलांना असते.

खडूस_काका

आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख शाळेतल्या मास्तरांनी १ जून लावलीय. सगळे विषम निघतील.

जमाखर्च

काकांचा मुद्दा बरोबर आहे, जन्मतारीख नको. नाणंच ठेवा.

दुपारचं_सत्र

कॅन्टीनवाल्याशी बोलले. रुपयाची सुटी देतो म्हणालाय, पण मोजून परत हवी आहेत. फॉर्म पुढच्या आठवड्यात भरून घेते, आकडे आले की इथेच टाकते.